सोलापूरचा नकाशा करताना: जीआयएस आणि निर्देशक प्रणालींची प्राथमिक ओळख

१७.६७, ७५.९० ही निर्देशकांची, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांची, जोडी मोबाइलवरील नकाशात टाकली, तर खूण सोलापूर शहरात उमटते. ती बरोबर उमटते, कारण मोबाइलने चार गोष्टी आपल्याला न विचारताच गृहीत धरलेल्या असतात: पहिला आकडा अक्षांशाचा आहे, दुसरा रेखांशाचा आहे, दोन्ही दशांश अंशांत लिहिलेले आहेत आणि दोन्ही डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक संदर्भप्रणालीत मोजलेले आहेत. संगणकावर भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजेच जीआयएसचे, काम सुरू केले की या चारही गोष्टी आपण स्वतः सांगाव्या लागतात. नव्याने शिकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच असते. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील बटणे पाठ करण्याआधी, हाती आलेले आकडे कोणत्या प्रणालीतील आहेत हे विचारण्याची सवय लावून घेणे अधिक फायद्याचे ठरते.

पुढील मार्गदर्शन क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरला धरून आहे. कोणत्याही साध्या लॅपटॉपवर ते चालते आणि शिकण्यासाठी पुरून उरते.

सरावासाठी एक विषय

तयार माहितीपेक्षा स्वतः गोळा केलेल्या माहितीवर हात लवकर बसतो. सोलापुरात राहणाऱ्यांसाठी अडुसष्ट लिंगांचा नकाशा हा उत्तम सराव आहे. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात अडुसष्ट लिंगे स्थापन केली असे मानले जाते आणि मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक तैलाभिषेकासाठी या लिंगांची प्रदक्षिणा करते. ठिकाणांची संख्या आटोपशीर आहे, ती पायी गाठता येतात आणि जीआयएसमधील तिन्ही मूलभूत आकार या एकाच विषयात आपसूक येतात.

प्रत्येक लिंग हा बिंदू. मिरवणुकीचा मार्ग ही रेषा. सिद्धेश्वर तलाव किंवा महापालिकेचा एखादा प्रभाग हा बंदिस्त आकार, म्हणजे पॉलिगॉन. या तिन्हींना मिळून व्हेक्टर माहिती म्हणतात. प्रत्येक आकारामागे तक्त्यातील एक ओळ असते आणि तिच्यात क्रमांक, ठिकाणाचे नाव, पेठ, जवळची खूण, पाहणीची तारीख असे रकाने ठेवता येतात. आकार आणि ओळ यांची ही जोडणी हाच जीआयएसचा गाभा आहे, कारण तिच्यामुळे ‘शुक्रवार पेठेतील लिंगे दाखव’ किंवा ‘मार्गापासून पन्नास मीटरच्या आतील ठिकाणे निवड’ असे प्रश्न नकाशाला विचारता येतात. केवळ चित्र म्हणून काढलेल्या नकाशात ही सोय नसते.

दुसरा प्रकार रास्टरचा. उपग्रहाने घेतलेली प्रतिमा किंवा स्कॅन केलेला जुना नकाशा हा लहान चौकटींचा पट असतो आणि प्रत्येक चौकटीला एक मूल्य असते. ज्या प्रतिमेतील एक चौकट जमिनीवरील दहा मीटर लांबी-रुंदीची आहे, तिच्यात बाळीवेशीतल्या अरुंद बोळाची रुंदी मोजायला जाणे व्यर्थ आहे.

आकडे टिपताना

मोबाइलमधील जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक ठिकाण सांगतो. जुन्या पेठांतील दाटीवाटीच्या घरांमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि चूक बरीच वाढते. म्हणून पोहोचताक्षणीच आकडा टिपू नये. अर्धा-एक मिनिट थांबावे, आकडे स्थिरावू द्यावेत आणि मोबाइल दाखवत असलेली अचूकताही वेगळ्या रकान्यात लिहावी. हा रकाना पहिल्या दिवशी निरुपयोगी वाटतो, पण पुढे दोन नोंदी जुळेनाशा झाल्या की कोणती विश्वासार्ह मानायची हे तोच सांगतो.

सोलापूरच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६.१ किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा पाचवा अंक साधारण एक मीटर दाखवतो आणि सहावा सुमारे अकरा सेंटिमीटर. मोबाइलने घेतलेल्या नोंदीत दशांशानंतर आठ-आठ अंक लिहिले, तर त्यातील शेवटच्या अंकांना काहीही अर्थ नसतो. पाच अंक पुरेत. सहा लिहिले तरी चालतील.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश अंश यांच्या सरमिसळीची. १७ अंश ४० मिनिटे १२ सेकंद हे दशांशात लिहिण्यासाठी मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती संख्या अंशांत मिळवावी लागते; उत्तर १७.६७ येते. काही जण घाईत सरळ १७.४०१२ असे लिहितात आणि ७५ अंश ५४ मिनिटांचे ७५.५४ करतात. परिणामी सोलापुरातील ठिकाण नैर्ऋत्येकडे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर सरकते, म्हणजे थेट मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन बसते. ही चूक फसवी असते, कारण खूण तरीही जिल्ह्यातच दिसते आणि वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरी चूक क्रमाची. बोलताना आपण आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो, परंतु जीआयएसमध्ये आडवा अक्ष एक्स आणि उभा अक्ष वाय असल्याने एक्सच्या जागी रेखांश येतो. अदलाबदल झाली तर सोलापूरचा बिंदू ७५.९ उत्तर अक्षांश आणि १७.६७ पूर्व रेखांशावर, म्हणजे नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेकडील थंडगार समुद्रात पडतो. ही चूक लगेच कळते, हे तिचे सुदैव. रकाना रिकामा राहिला आणि त्याची जागा शून्याने घेतली, तर बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेकडील गिनीच्या आखातात जातो. पहिला नकाशा उघडल्यावर ‘झूम टू लेयर’ (लेयर म्हणजे नकाशातील माहितीचा एक थर) करून सगळे बिंदू खरोखर सोलापुरात आहेत का, हे पाहून मगच पुढे जावे.

डेटम म्हणजे काय

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि तिचा खरा पृष्ठभाग ओबडधोबड आहे. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी तिच्या जागी एक गुळगुळीत, गणिती गोलाभ कल्पावा लागतो. तो किती मोठा, किती चपटा आणि पृथ्वीच्या संदर्भात नेमका कोठे बसवलेला, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला डेटम म्हणतात. गोलाभ बदलला किंवा तो जरा सरकवून बसवला, की त्याच दगडाचे अक्षांश-रेखांश बदलतात. दगड मात्र जागचा हललेला नसतो.

भारतात हा विषय पुस्तकी राहत नाही, याला इतिहास आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, ते पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात उत्तरेकडे पोहोचले. त्यातून १८३० चा एव्हरेस्ट गोलाभ आणि मध्य भारतातील कल्याणपूर येथील मूळ बिंदू यांवर आधारलेली प्रणाली उभी राहिली. हा गोलाभ भारतीय उपखंडाच्या पृष्ठभागाशी जुळेल असा बसवलेला होता. पृथ्वीच्या केंद्राशी त्याचे केंद्र जुळत नव्हते. याउलट डब्ल्यूजीएस ८४ चा गोलाभ पृथ्वीच्या केंद्राशी जुळवलेला आहे आणि त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरली आहे, जी एव्हरेस्टच्या गोलाभापेक्षा आठशे मीटरहून अधिक मोठी आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशा-पत्रकावरून, वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर सोलापूरच्या परिसरात साधारण शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. विहीर शेजारच्या शेतात दिसते, मंदिर रस्त्यापलीकडे जाते. सगळे बिंदू एकाच दिशेला आणि जवळजवळ सारख्याच अंतराने सरकलेले दिसले, तर डेटमचा संशय घ्यावा. चूक हाताची असती, तर बिंदू चारी दिशांना विखुरले असते.

राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वसामान्यांसाठी जी ‘ओपन सीरिज’ नकाशांची मालिका सुरू केली, ती डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या, पुढे समजावलेल्या एका पद्धतीवर) आहे. त्यामुळे टोपोशीट हाती आली की आधी तिच्या समासातील मजकूर वाचावा. जुन्या मालिकेत सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकात येते. ४७ हा चार अंशांचा चौकोन, ओ हा त्यातील एक अंशाचा आणि १४ हा त्यातील पंधरा मिनिटांचा, असा तो क्रमांक उलगडतो.

गोलावरून कागदावर

अक्षांश-रेखांश हे कोन आहेत, अंतरे नव्हेत. त्यांवरून थेट लांबी किंवा क्षेत्रफळ काढता येत नाही. त्यासाठी वक्र पृष्ठभाग सपाट पाटीवर आणावा लागतो, आणि या क्रियेला प्रक्षेपण म्हणतात. प्रक्षेपण करताना आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा यांपैकी काहीतरी बिघडतेच. म्हणून कोणते प्रक्षेपण सर्वांत चांगले, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या भागासाठी, असे विचारले तर उत्तर देता येते.

सोलापूर जिल्ह्याच्या पातळीवरील बहुतेक कामांसाठी यूटीएम पुरेसे आहे. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे साठ पट्टे केलेले असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील पट्ट्याचा क्रमांक ४३ आहे आणि त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांचे. हे रेखावृत्त आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, अकलूजच्या जवळून जाते. मध्य रेखावृत्ताला शून्य न देता ५,००,००० मीटर हे मूल्य दिलेले असते, जेणेकरून पश्चिमेकडील ठिकाणांना ऋण आकडे येऊ नयेत. उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात.

आता आरंभीच्या बिंदूकडे पाहू. १७.६७ उत्तर, ७५.९० पूर्व हे ठिकाण यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात पूर्वेकडे सुमारे ५,९५,४५५ मीटर आणि उत्तरेकडे सुमारे १९,५३,९०४ मीटर असे लिहिले जाते. पहिल्या आकड्यातून पाच लाख वजा केले, की मध्य रेखावृत्तापासून हा बिंदू साडेपंच्याण्णव किलोमीटर पूर्वेला आहे हे तोंडीच समजते. यूटीएमची ही सोय मला फार मोलाची वाटते: दोन ठिकाणांच्या आकड्यांची नुसती वजाबाकी केली तरी अंतराचा अंदाज येतो. मोजमापातील चूकही किरकोळ असते. सोलापूर शहरात एका किलोमीटरमागे ती सुमारे तीस सेंटिमीटर इतकीच येते.

नागपूर ७९ अंशांच्या पुढे असल्याने ४४ व्या पट्ट्यात पडते. संपूर्ण महाराष्ट्राचा एकच नकाशा करायचा असेल, तर केवळ ४३ क्रमांकाचा पट्टा वापरून भागत नाही आणि वेगळे प्रक्षेपण निवडावे लागते. जिल्ह्यापुरत्या कामात हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रत्येक प्रणालीला ईपीएसजी या यादीत एक क्रमांक असतो. तीन क्रमांक लक्षात ठेवावेत. ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ मधील अक्षांश-रेखांश. ३२६४३ म्हणजे त्याच डेटमवरील यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा. ३८५७ म्हणजे इंटरनेटवरील बहुतेक नकाशे ज्यावर चालतात ते वेब मर्केटर. हे क्रमांक सॉफ्टवेअरच्या शोधचौकटीत इंग्रजी अंकांतच टाकावेत.

प्रणाली सांगणे वेगळे, प्रणाली बदलणे वेगळे

क्यूजीआयएसमध्ये दोन आज्ञा नावाने जवळच्या, पण कामाने अगदी भिन्न आहेत. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशक संदर्भप्रणाली) ही आज्ञा आकड्यांना हात लावत नाही. हे आकडे अमुक प्रणालीतील आहेत, एवढेच ती सॉफ्टवेअरला सांगते. ‘रिप्रोजेक्ट लेयर’ ही आज्ञा प्रत्येक आकड्याचे गणिताने रूपांतर करून नवी लेयर तयार करते. ५० फूट लिहिलेल्या चिठ्ठीवर नुसता ‘फूट’ शब्द खोडून ‘मीटर’ लिहिल्याने भिंत वाढत नाही. अंशांतील लेयरवर पहिली आज्ञा देऊन ३२६४३ निवडणे हा नेमका तोच प्रकार आहे.

असे केल्यास ७५.९० हे अंश न राहता ७५.९० मीटर होतात आणि १७.६७ हे विषुववृत्तापासूनचे मीटर होतात. मग अडुसष्टच्या अडुसष्ट लिंगे मालदीवच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, वीतभर जागेत गोळा होतात. पडद्यावर एकच ठिपका दिसतो आणि माहिती नष्ट झाली असे वाटते. ती नष्ट झालेली नसते. पुन्हा ‘सेट लेयर सीआरएस’ देऊन ४३२६ निवडले की सारे बिंदू सोलापुरात परत येतात.

योग्य क्रम असा आहे. वहीतील नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरून सीएसव्ही या साध्या मजकुराच्या तक्त्याच्या स्वरूपात, यूटीएफ-८ सांकेतन निवडून जतन कराव्यात. नाहीतर पेठांची देवनागरी नावे प्रश्नचिन्हांत बदलतात. क्यूजीआयएसमधील ‘अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ उघडून एक्सच्या जागी रेखांशाचा आणि वायच्या जागी अक्षांशाचा रकाना निवडावा, सीआरएस ४३२६ ठेवावा. बिंदू योग्य जागी दिसल्यानंतर लेयरवर उजवी क्लिक करून ‘एक्सपोर्ट’मधून ती ३२६४३ मध्ये नव्या नावाने जतन करावी. मूळ लेयर तशीच ठेवावी. मोजमापाची सर्व कामे नव्या लेयरवर करावीत.

एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते. वेगवेगळ्या प्रणालींतील लेयर एकाच प्रकल्पात उघडल्या, तरी क्यूजीआयएस त्या पडद्यावर एकमेकींवर बरोबर बसवून दाखवते. हे रूपांतर केवळ दाखवण्यापुरते असते. फाइलमधील आकडे जसेच्या तसे राहतात. त्यामुळे नकाशा नीट दिसतो म्हणून मोजमापही नीट येईल, असे समजू नये.

मोजमाप करताना

लिंगांभोवती पन्नास मीटरचे वर्तुळ, म्हणजे बफर, काढायचा आहे असे समजा. ४३२६ मधील लेयर निवडून अंतराच्या चौकटीत ५० लिहिले, तर सॉफ्टवेअर त्याचा अर्थ पन्नास अंश असा घेते आणि आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेले वर्तुळ काढते. ३२६४३ मधील लेयरवर तोच आकडा पन्नास मीटर होतो. अंतराच्या चौकटीशेजारी एकक लिहिलेले असते. आज्ञा देण्याआधी ते वाचावे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत चूक इतकी उघड नसते, म्हणून ती अधिक घातक. उपग्रहाच्या प्रतिमेवर शेताचे बांध आखून घेण्याचे काम आता अनेक जण करतात आणि प्रतिमा वेब मर्केटरमध्ये असल्याने नवी लेयरही त्याच प्रणालीत तयार होते. हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे आकार फुगवते. सोलापूरच्या अक्षांशावर लांबी पाच टक्क्यांच्या आसपास आणि क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून थोडे अधिक वाढून दिसते. चाळीस गुंठ्यांचे शेत चव्वेचाळीस गुंठ्यांचे होते. सातबाऱ्यावरील क्षेत्राशी तुलना करणाऱ्याला चार गुंठे कोठून आले हे कळत नाही, आणि बांधावरून आधीच धुसफुस असेल तर हा नकाशा तेल ओतण्याचेच काम करतो.

‘फील्ड कॅल्क्युलेटर’मध्ये डॉलरचे चिन्ह लावलेले ‘एरिया’ हे सूत्र प्रकल्पात निवडलेल्या गोलाभावरून क्षेत्रफळ काढते, म्हणून ते प्रक्षेपणाच्या फुगवट्यातून वाचते. मात्र प्रकल्पाच्या मांडणीत गोलाभाची जागा रिकामी नाही ना, हे पाहावे लागते. चिन्ह न लावता आकार कंसात देऊन वापरलेले ‘एरिया’ सपाट आकड्यांवरच हिशेब करते. दोन्ही पद्धतींनी काढून उत्तरे ताडून पाहावीत. ३२६४३ मध्ये ती जवळजवळ सारखी येतात, ३८५७ मध्ये येत नाहीत. चौरस मीटरचे गुंठे करण्यासाठी १०१.१७ ने भागावे. असे मोजलेले क्षेत्र समजून घेण्यापुरते असते. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची अधिकृत मोजणीच ग्राह्य धरली जाते.

जुना नकाशा बसवताना

गावाचा किंवा शहराचा जुना कागदी नकाशा स्कॅन केला, तर ती केवळ प्रतिमा असते. तिला पृथ्वीवरील जागा ठाऊक नसते. ‘जिओरेफरन्सर’ उघडून नकाशावरील खुणा आणि त्यांचे खरे निर्देशक यांच्या जोड्या द्याव्या लागतात. खुणा निवडताना जागचे न हललेले बांधकाम पाहावे. भुईकोट किल्ल्याचे बुरूज, रेल्वेचे जुने पूल, मंदिरांची शिखरे चांगली; तलावाचा काठ किंवा झाड नको. खुणा नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेल्या असाव्यात, कारण मध्यभागी दाटीने दिलेल्या दहा खुणांपेक्षा कडेला नीट पसरलेल्या सहा खुणा नकाशाला अधिक घट्ट धरतात. खुणांचे अंतर किती चुकले हे सॉफ्टवेअर प्रत्येक जोडीसमोर दाखवते. एखादी जोडी इतरांपेक्षा फारच चुकलेली असेल, तर ती खूण ओळखण्यातच गल्लत झालेली असते.

नकाशाप्रमाणाचाही विचार करावा. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील पन्नास मीटर, आणि छापील रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असेल तर पंचवीस मीटर तिच्या जाडीतच गेले. संगणकावर तो नकाशा कितीही मोठा केला तरी त्याची अचूकता वाढत नाही.

फाइल देताना

व्हेक्टर माहिती देण्याघेण्यासाठी वापरली जाणारी शेपफाइल ही एक फाइल नसून अनेक फाइलींचा संच असतो. त्यातील ‘पीआरजे’ या लहानशा फाइलीत प्रणालीची माहिती असते आणि मेलने पाठवताना नेमकी तीच मागे राहते. त्यातच शेपफाइलमध्ये रकान्यांची नावे इंग्रजी दहा अक्षरांपुरती मर्यादित असतात, आणि देवनागरीत एका अक्षरासाठी अधिक जागा लागत असल्याने मराठी नावे तर अर्ध्यावरच तुटतात. नवे काम जिओपॅकेज या स्वरूपात जतन करणे बरे. सर्व लेयर, त्यांची प्रणाली आणि मराठी मजकूर एकाच फाइलीत राहतो. समोरच्याने शेपफाइलच मागितली, तर संपूर्ण संच झिप करून पाठवावा आणि सोबतच्या मजकुरात डेटम, ईपीएसजी क्रमांक, नोंदी कोणत्या साधनाने व कोणत्या महिन्यात घेतल्या, आणि मोबाइलने दाखवलेली अचूकता कोणत्या रकान्यात आहे, हे लिहावे.